नऊ नंबरचा ठिपका

कंपूवरच्या दवाखान्यात
डॉक्टर कुलश्रेष्ठ शाल्मलीच्या हातावर
निळ्या पेनानं आकडे मांडतात, एक ते बारा.
धूळ. झुरळ. गवताचे पराग. दूध. शेंगदाणा.
नऊवर तीळ.
प्रत्येकाशेजारी एकेक थेंब,
थेंबातून सुईचं टोक, जेमतेम कातडीपुरतं.
"पंद्रह मिनट. खुजाना नहीं, बेटा."

पंधरा मिनिटं काय करायचं असतं आईनं?

मला तिचं बोरन्हाण आठवतं.
दौलतगंजातली गच्ची, जानेवारीचं फिकं ऊन,
हलव्याचा हार, हलव्याचे बाजूबंद,
पांढरे, काटेरी, पोटात तीळ धरलेले.
तिच्या कोपराच्या वळीत तेव्हा लाल चट्टे होते,
खाजवून खाजवून ओले झालेले.
बाजूबंद घसरून नेमका तिथेच घासत होता.
फोटोत दिसतं.
त्या दिवशी काहीच झालं नाही.

पहिल्यांदा काही होतच नाही, डॉक्टर म्हणतात.
पहिल्यांदा फक्त नोंद होते.

माझे सासरे जकात नाक्यावर कारकून होते.
येणाऱ्या प्रत्येक पोत्यात सळई खुपसून बघायचे,
मळक्या वहीत लिहायचे,
आणि लिहिलेलं मरेपर्यंत विसरले नाहीत.
तसाच कुणीतरी बसलाय तिच्या कातडीखाली.
त्या वळीतून आत शिरलेला तिळाचा कण
त्यानं निरखला, नाव-गाव न विचारता
लाल शाईनं लिहिलं: चोर.

चोर नव्हता हो तो.
पण किल्ल्याच्या पायथ्याशी जन्मलेल्यांना
जिकडेतिकडे वेढाच दिसतो.

पुढच्या थंडीत बाड्यावरून गजक आली.
एक तुकडा, नखाएवढा.
आधी ओठ. मग पापण्या. मग मानेवरून पाठीवर
भराभर उठत गेलेल्या गांधी.
आत्याबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसूल चोळ.
चोळलं मी. खरंच चोळत बसले,
आणि तिच्या छातीत
पेटीचा फाटका भाता वाजायला लागला.

आता कळतं ते:
कातडीत, नाकात, घशात ठाण मांडलेल्या पेशी,
प्रत्येकीच्या पदरात हिस्टामिनच्या पुड्या,
वहीतलं नाव कुणीतरी ओरडलं
आणि सगळ्यांनी एकदम गाठी सोडल्या.
कुणी विचारलं नाही, चोर केवढा आहे.

ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाहीत.
मांडीत सुई, आणि मग
मला वर्षांसारखी वाटलेली काही मिनिटं,
आणि ती रडली. गळा काढून, खणखणीत.
त्या संक्रांतीला इतकं गोड
दुसरं कुणीच बोललं नाही.

"ते पान फाडून टाकता येत नाही का?"
डॉक्टर हसत नाहीत.
त्याच वहीत गोवर आहे, डांग्या खोकला आहे,
लसीच्या दिवशी लिहून घेतलेली नावं.
त्याच कारकुनाच्या संशयावर
ती सहा वर्षांची झालीय.

आठ मिनिटं.
"आईलापण टोचा."
बारा नंबरचं हिस्टामिन कुणालाही खाजवतं,
म्हणजे चाचणी बरोबर चाललीय ते कळतं.
डॉक्टर माझ्या मनगटाजवळ एक थेंब ठेवतात.
खाजतं. विलक्षण खाजतं.
मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे,
दोघी हातांवर बसून राहतो,
शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

नऊ नंबर वाटाण्याएवढा फुगलाय,
भोवती लालीचं कुंपण.
डॉक्टर पट्टी लावतात: अकरा मिलिमीटर.
माझा सहा.
"माझा मोठ्ठा!" शाल्मली ओरडते,
आणि सबंध वेटिंग रूम आमच्याकडे बघते.

पिशवीत इंजेक्शन, त्यावर तिच्या अक्षरात
तिचं नाव, श सुटा, ल्म ला लटकलेला.
परतताना गल्लीत गजक कुटतायत,
लाकडी हातोडे, धप्प, धप्प,
भाजल्या तिळांचा वास, जो मला अजूनही आवडतो.
ती काही बोलत नाही.
माझा खाजरा हात आपल्या खाजऱ्या हातात धरते
आणि मला रस्त्याच्या
दुसऱ्या बाजूनं घेऊन जाते.