आत्ता दोन, नंतर पाच

आधी डोक्याला स्पंज लावतात, मिठाच्या पाण्यात भिजवलेला.
कानामागून एक ओघळ कॉलरमध्ये उतरतो.
साईल तो बोटाने पुसून चाटतो, म्हणतो,
"बाबा, आपल्या खाडीपेक्षा अळणी आहे."

पट्टा आवळताना गिरिजा मॅडम सांगतात,
थोड्या मुंग्या येतील.
"लाल की काळ्या?"
त्यांच्या कागदावर या प्रश्नाला रकाना नाही.

मग पडद्यावर दोन पेट्या.
आत्ता हवं तर दोन गोट्या,
थांबलास तर पाच.
त्याचं बोट डावीकडे, डावीकडे,
डावीकडे,
एकदा उजवीकडे,
आणि लगेच मान वळवून माझ्याकडे,
चोरी सापडल्यासारखा.

मी कुठल्या तोंडाने खूण करू?
शिमग्याच्या तोंडावर सुरमईची अख्खी खेप
मी अंधारातच दलालाला देऊन टाकली,
डिझेलची उधारी खिशात खाजत होती म्हणून.
उजाडेपर्यंत भाव दीडपट.
माझ्या कपाळाला कुणी स्पंज लावला नाही.
जेटीवर त्याला धंदा म्हणतात.

सहीच्या कागदावर होतं,
काही मुलांच्या तारेत वीज शेवटपर्यंत असते,
काहींच्या सुरुवातीला जराशी,
मग नुसता पट्टा.
कोण कुठला, ते मॅडमनाही ठाऊक नाही.
सुई नाही, चिरफाड नाही,
बॅटरीवरच्या टॉर्चलाही पुरणार नाही एवढी वीज.
मी ते चारदा वाचलं. सही केली.

घरी त्याची आई रोज पुरावे गोळा करते.
काल म्हणे पापड तळून होईपर्यंत
तो चुलीपाशी उभा राहिला.
मी बोललो नाही की आधीचे दोन
त्याच्या चड्डीच्या खिशात होते.

आज रत्नागिरीहून एसटी उशिरा पोचली,
जयगडची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली.
पुढची पाऊण तासाने.
साईलने दोरखंडाचे खुंट मोजले, परत मोजले,
एका कुत्र्याला नाव ठेवलं, बदललं,
सतरा गोट्यांतल्या तीन पाण्यात टाकल्या
आवाज वेगवेगळा येतो का बघायला.
मग एकदम,
"आजची वीज खरी होती?"
माहीत नाही रे.
"मग मी पाच घेतल्या तेव्हा
कोण थांबलं होतं?"

समोर तवसाळचे दिवे लागत होते.
मी बिडी शोधत राहिलो, खिसे दोनच असून.

बोट लागली. साखळी सुटायच्या आत
तो तिच्याखालून पसार,
मागून खलाशाची शिवी,
आणि माझ्या मुठीत
क्षणभर त्याची कॉलर,
अजून ओली.