फास्ट

हॅलिफॅक्सच्या चढावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान.
भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे पळतं,
गिऱ्हाइकं म्हणतात, फास्ट आहे.
मी ते तसंच ठेवलंय.

मंगळवारी हेडली ग्रीनवुड आले.
चाळीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात;
नखांच्या कडांना अजून निळाई.
हातात बायकोचा लाल स्वेटर, कोपरात उसवलेला.
खिशातून बिस्किटं काढून पुढे केली.
मी म्हटलं, आज माझा फास्ट आहे.
'असं? शर्यत कुणाशी?'

अंगारकी समजावण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नाही.
चंद्र दिसेपर्यंत काही खायचं नाही, एवढंच सांगितलं.
त्यांनी खिडकीतून ढगांकडे पाहिलं:
'मग पंधरा दिवस उपाशी राहशील, पोरी.'

मग स्वेटरची बाही थुंकीने ओली करून
पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासली.
रुमाल पांढराच.
'फास्ट,' म्हणाले. 'एकाहत्तर साली मी रंगवलेली लोकर.'

रात्रशाळेत शिकले होते ते:
मुळात या शब्दाचा अर्थ होता घट्ट.
कापडाला घट्ट तो रंग,
चौकटीत घट्ट ते दार.
नेम घट्ट धरला, तो उपास.
मिटल्या डोळ्यांवर घट्ट बसते, ती झोप.
आणि जीव घट्ट करून धावत सुटलं कुणी,
त्याचा पुढे नुसता वेग झाला.
एकाच खुंटीला बांधलेली गाय,
दावं तेवढं लांबत गेलं.

टाके घालताना मला आमचा शब्द आठवला.
उप म्हणजे जवळ. वास म्हणजे राहणं.
एकादशी अन् दुप्पट खाशी
या हिशेबात विसरूनच गेले होते.

संध्याकाळी स्वेटर द्यायला केअर होममध्ये गेले.
एडना गाढ झोपलेली,
नावं विसरलेला तिचा हात
त्यांच्या मनगटावर असा आवळलेला
की बोटं पांढरी पडलेली.
टेबलावर दुपारचं ताट, झाकलेलं.
'सोडेना,' ते कुजबुजले. 'मग जेवायचं राहिलं.'

मी स्वेटर तिच्या पायांवर पसरला.
मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ होऊन गेली होती,
बाहेर ढगच.
कोपऱ्यातली खुर्ची ओढून
मी थोडा वेळ तिथेच बसले.