अंगठ्याच्या नखाइतकं लांब

शुक्रवारी अकराला पाइप फुटला.
औषधांच्या दुकानात घोटाभर पाणी,
खोकल्याच्या बाटल्यांची खोकी तरंगायला लागली,
आणि ओयार्ससाहेब, ज्यांनी नाताळातही मला
अर्धा दिवस सोडलं नव्हतं,
हातातला पोछा भिंतीला टेकवून म्हणाले,
"वेल्गा, आता सोमवारीच ये."

सोमवारी!
म्हणजे तीन रात्री, न मागता पदरात पडलेल्या.

घरी आले. ओले मोजे हीटरवर टाकले.
भिंतीवर मुलाच्या शाळेतला नकाशा;
मुलगा आता डब्लिनला, नकाशा इथेच.
आधी उबदार देश बघितले, रीतसर.
तिकिटांचे आकडे बघून रीतसर सोडून दिले.
मग रीगावर अंगठा टेकवला
आणि ठरवलं, नखाच्या टोकापलीकडे जायचं नाही.
टोकाशी आलं साउल्क्रास्ती.
गाडीनं तासाभराचं.
नावाचा अर्थ सूर्याचे किनारे;
जानेवारीत सूर्य तिथे
चारच्या सुमाराला फळ्या लावून घेतो.

फोन बराच वेळ वाजला.
उचलणारा धापा टाकत होता.
"हिवाळ्यात? खोल्या बंद असतात.
नळांतलं पाणीसुद्धा काढून टाकलंय."
मी गप्प. तोही गप्प.
कुऱ्हाड कशालातरी टेकल्याचा आवाज.
"एक आहे. स्वयंपाकघरावरची.
चुलीची ऊब वर येते, कांद्याचा वासही येतो.
किती माणसं?"
"एक."
"खाटा दोन आहेत."
"दुसरीवर कोट ठेवीन."
"मग एकाचेच पैसे," तो म्हणाला,
"कोट काही जेवत नाही."

बहिणीला सांगणं भाग होतं.
"एकटी? का? कुणी काही बोललं?
कसला रिपोर्ट आलाय का?"
बिरुता, बावीस वर्षं मी
लोकांना झोपेच्या गोळ्या मोजून देतेय,
असं काहीतरी ओठांवर आलं होतं. म्हटलं,
"समुद्र बघायचाय."
"अगं, गोठलाय तो!"
"म्हणूनच. जागेवर सापडेल."

एकट्याची पिशवी भरणं ही वेगळीच विद्या.
हातांना तिघांची सवय;
ते आपले काढत बसले कपाटातून
मोठा टॉवेल, पत्त्यांचा जोड,
एल्मार्सच्या अंगावर उन्हानं पुरळ यायचं, त्यावरचं मलम.
मलमाची मुदत एकोणीस सालापर्यंत.
एल्मार्सची अठरापर्यंतच होती.
उलटंसुलटं करून बघितलं, सवयीनं, लेबल वाचलं,
परत ठेवलं. फेकलं नाही.

घेतलं ते एवढंच:
काळ्या पावाचा अर्धा लादा, थर्मास,
सासूनं विणलेले, टाचेशी कायम सैल राहिलेले मोजे.
एक कप. एक चमचा.
दाराला कुलूप लावता लावता परत आत जाऊन
आणखी एक चमचा.
का, ते मला विचारू नका.

दोन चाळीसच्या गाडीत समोर
बर्फात मासे धरणारा एक म्हातारा,
मांडीवर गिरमिट, बाकं रिकामी असून
स्वतःच्या बादलीवर बसलेला.
"कुठे?"
"इथेच, जवळ."
"काय धरायला?"
मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."
त्यानं गंभीरपणे मान हलवली,
जणू मी एखाद्या माशाचंच नाव घेतलं होतं.
"तो खोलात असतो," म्हणाला. "कोट नीट घाल."

लिलास्ते गेलं.
पाइनच्या खोडांमधून काहीतरी पांढरं सरकत राहिलं,
समुद्र की नुसतंच शेत, कळेना.
आणि तेव्हा आठवलं,
दात घासायचा ब्रश घरीच राहिला.
दुकानात माझ्या पाठीमागे दीडशे टांगलेले असतात, सगळ्या रंगांचे.
हसू आलं, मोठ्यानं,
म्हातारा बादलीसकट थोडा बाजूला सरकला.