दक्षिणेकडचं चिकन

मोहित्यांच्या सायकल मार्टच्या जागी
ऐन गटारीच्या आठवड्यात लाल पाटी लागली:
सदर्न फ्राइड चिकन.
दारात फुगे, आणि दोनावर एक लेग फुकट.
"सदर्न म्हणजे दक्षिण ना? मग सांबार कुठाय?"
बाबांनी उंबऱ्यातच विचारलं.

आत गारेगार. भिंतभर एक चित्र,
पांढरं लाकडी घर, ओसरीत झुलती खुर्ची,
खुर्चीत कोणीच नाही.
कन्नमवार नगरात एवढी रिकामी ओसरी!
बाबा ऑर्डर द्यायची विसरले.

काउंटरवर टोपीखाली
आमच्या तळमजल्यावरच्या खोपड्यांचा ज्ञानेश.
"वेलकम सर," म्हणाला, ओळख न देता.
मनगटावर तेलाचा ताजा फोड,
आणि कॉलरच्या आडून
तुळशीचा एक मणी.

वरचं कवच कुरकुरीत होतं, खोटं कशाला बोलू,
मीठ मात्र जरा चढंच.
बाबांनी हाडं लख्ख केली,
टोमॅटो सॉसची पुडी दाताने फाडली.

टेबल पुसायला आला तेव्हा तो वाकला.
"काका, घरी बोलू नका.
मी कुरियरात आहे असं वाटतंय त्यांना."
बाबांनी मिशा पुसल्या,
आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,
"चिकन झकास हो साहेब. नाव काय तुमचं?"
त्याने छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं:
डॅनी.

रात्री साडेअकराला
खाली पाण्याच्या टाकीपाशी
कोणीतरी हातांवर लिंबाची फोड घासत होतं,
पार कोपरापर्यंत, वास घेऊन घेऊन.
बाबांनी हळूच
गॅलरीतला दिवा बंद केला.