७.७९

समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर आहे,
ओस्त्रावाहून कुठल्याही दिशेने निघा.
म्हणून मी तो पोत्यातून आणते,
पंचवीस किलो, कोरडा,
आणि आठव्या मजल्यावर, बाथटबमध्ये निळं पिंप ठेवून
त्याला पुन्हा ओला करते.
लिटरला पस्तीस ग्रॅम. चौतीस नाही.

एकतीस वर्षं कोकभट्टीच्या प्रयोगशाळेत
दुसऱ्यांचं पाणी जोखलं:
वायू धुऊन निघालेलं, नाल्यात सोडायचं,
साहेबांना हवा तो आकडा न दिलेलं.
निवृत्त झाले तरी ब्युरेटची तोटी बोटांत राहिली,
काहींच्या बोटांत सिगारेट राहते तशी.

आता रोज सकाळी सातला
चार मिलिलिटर पाणी, दोन थेंब रंग,
मग आम्ल, एकेक थेंब.
निळं. निळं. निळं.
मळकट
आणि पुढच्याच थेंबाला गुलाबी.
त्या एका थेंबावर माझा विश्वास आहे.
माणसं इतक्या स्वच्छपणे बदलत नाहीत.

क्षारता आठ. कॅल्शियम चारशे वीस.
मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास,
त्याच्याशी फार वाद घालायचा नाही.
कालच्या आकड्यातून आजचा वजा करते.
जे उरतं, तेवढा रात्रीत दगड झाला.
पोवळ्यांची वाढ मी डोळ्यांनी कधी पाहिली नाही,
वजाबाकीतच पाहिली.

एकदा घाई केली होती.
क्षारता साडेसहावर घसरली, घाबरले,
सोड्याचं द्रावण सगळं एकदम ओतलं.
टाकीत बर्फ पडला, संथ, पांढरा.
खाली बसला तो माझाच चुना.
हिरव्या फांद्या आठ दिवसांत टोकांकडून उघड्या पडल्या.
तेव्हापासून दिवसाला अर्ध्या अंकाहून जास्त उपकार
मी कुणावरच करत नाही.

या नाताळात रादिम आला, चार वर्षांनी.
बायको, दोन मुलं.
धाकटीचं नाव फोनवर मला नीट ऐकूच आलं नव्हतं:
योहाना.
बाहेर उणे चौदा. खिडक्या बंद.
बाथटबमध्ये सणाचा कार्प मासा,
आणि मुलं त्याला मारू देईनात.
म्हणजे माझं पिंप बाहेर, पाणी बदलणं लांबणीवर,
आणि तिथे हा गोड्या पाण्याचा पाहुणा
तोंड उघडतोय, मिटतोय.

सहाला पीएच ८.०२.
आठला ७.९१.
जेवणं झाली, सगळे एकदम बोलू लागले,
७.७९.
मीटर दोनदा तपासला. चूक मीटरची नव्हती.
पाच जणांचा श्वास होता,
खोलीतून पाण्यात उतरत होता:
हसणं, पत्त्यांवरून झालेलं भांडण,
रादिमचं "आई, एकटीने हे कशाला करत बसतेस",
सगळं विरघळत होतं,
पाणी किंचित आंबटाकडे झुकत होतं.

उपाय सोपा आहे. खिडकी उघडायची.
दहा मिनिटं पुरतात.
मीठ मी घालते, पण वर्षभर सोबत त्यांनी केली,
त्या मिठाला जागायचं तर उठायला हवं.
उठले. कडीला हात लावला.
टाकीसमोर योहाना उभी, नुसत्या मोज्यांवर,
काचेला नाक लावून.
तिच्या श्वासाचा ढग काचेवर येत होता,
विरत होता,
येत होता.
बारापर्यंत मोजले.
कडी गार होती. हात काढून घेतला.

वहीत लिहिलं: ७.७९. माणसं पाच.
शेरा: काही करायचं नाही.

सत्तावीसला ते गेले.
कार्प जाताना नदीत सोडला;
जगला का, ते मला विचारू नका.
अठ्ठावीसला दुपारी पीएच ८.२१,
वर्षभरातला सर्वांत चांगला आकडा.
लिहिला. पेन तसंच धरून बसले.
मग खुर्ची टाकीजवळ ओढली
आणि काचेवर, जिथे तिच्या नाकाचा डाग होता
त्याच्या शेजारी,
एक मोठा श्वास सोडला.