जुम्मा दरवाज्यावर

इंदोऱ्याकडच्या गंज्या पेटल्या तेव्हा
जमादार माझ्याकडे वळून म्हणाला,
"तुझे आलेत रे, धकाते."

माझे.
आठ वर्षांचा होतो. मागाच्या खड्ड्यातून
बखोटीला धरून ज्यांनी उपसलं, ते माझे.
आई सुताला खळ लावत होती.
तिच्या हातांचा आंबूस वास
नर्मदा उतरेपर्यंत सदऱ्याला होता,
मग फत्तूबाबाने त्या सदऱ्याने
घोडा पुसला.

त्यानेच शिकवलं
चालत्या घोड्यावर झोपायला.
तापात रात्रभर माझ्या तोंडात
बकरीचं दूध पिळलं,
आणि त्याच हातांनी एका सोनाराच्या तोंडाला
गरम राखेचा तोबरा बांधला.
दोरी मी धरली होती.
हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

बारा वर्षांनी परतलो.
आईने कानामागचा डाग चाचपला, घरात घेतलं.
भांडी मात्र
अजून मोजूनच झोपते.

आता नाग नदीच्या अंधारातून शीळ येते,
दोन आखूड, एक लांब.
म्हणजे: पोरा, घोडी पाणी प्याली का?
बंदुकीची वात जळते आहे.
मी ओठ दातांखाली धरतो.

मागे पागेत
घोडी खिंकाळते.

"कुणाची रे ती?" जमादार.
"सरकारची," मी म्हणतो,
आणि शिळेच्या जरा डावीकडे
नेम धरतो.

जराच.
फत्तूबाबा खोगिरावर नेहमी
डावीकडे झुकून बसायचा.