एक वाजून बावन्न मिनिटं

उद्यमबागेतली आमची मापं घ्यायची खोली
बारा महिने वीस अंशांवर असते.
आत आलं की आधी चप्पल काढायची,
मग आवाज.
काळ्या ग्रॅनाइटवर रिंग ठेवायची
आणि ती निवेपर्यंत थांबायचं.
हाताची ऊबसुद्धा माप बिघडवते.
डिप्लोमा करून मी नवी आले होते तेव्हा
गडिगेप्पा म्हणाले होते,
"लोखंडास घाई चालत नाही बघ."

भिंतीपलीकडं फोर्जिंगचं शेड.
घण पडला की काटा थरथरतो.
ही थरथर आपली नव्हे, एवढं कळायला
मला सहा महिने लागले.
तिसऱ्या गेटावरून जाणाऱ्या मालगाडीची वेगळी,
कॉम्प्रेसरची वेगळी,
घरात भांडून आलेल्या माझ्याच बोटांची वेगळी.
हे सगळं वजा करून हातात उरतं
ते माप.

त्या संक्रांतीला सुट्टी नव्हती.
ऐंशी मिलिमीटरची रिंग,
टॉलरन्स चार मायक्रॉन.
कशात बसणार, ते ड्रॉइंगवर लिहीत नाहीत.
जेवण झाल्यावर गडिगेप्पांनी
स्टीलच्या डबीतून कुसरेळ्ळ काढलं,
"तगोळ्रि."
मी त्यांच्या तळव्यावर तिळगूळ ठेवला.
गोड बोलायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही,
हात धुऊन कामाला लागलो.
रजिस्टरला वेळ आहे, माझ्याच अक्षरात:
एक वाजून बावन्न मिनिटं.
ओके. खाली सही.

पुढं आठ महिन्यांनी
येळ्ळूरच्या बसमध्ये, उभ्यानं, फोनवर वाचलं.
एकशे तीस कोटी वर्षांपूर्वी
दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली,
तीन सूर्यांचं वजन नुसतं थरथरण्यात गेलं,
आणि ती थरथर पृथ्वीवर पोचली
संक्रांतीला. आपल्या घड्याळात
एक बावन्नला.

म्हणजे ती रिंगेतून गेली.
ग्रॅनाइटमधून, घणातून,
दातात अडकलेल्या तिळातून.
अमेरिकेत चार-चार किलोमीटरच्या बोगद्यांत टांगलेले आरसे
प्रोटॉनचे शेकडो तुकडे करावेत
त्यातल्या एका तुकड्याएवढे हलले.
तिथल्या लोकांनी ट्रक वजा केले, वारा वजा केला,
समुद्र वजा केला.
एकाच जागी हललं असतं तर कुणी मानलं नसतं.
तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या जागीही हललं,
तेव्हा खरं.
आमच्याकडंही दोन सह्या लागतात.

कृष्णविवरं मला कळली नाहीत.
वजा करणं कळलं.
बस थांबली, मी उतरले नाही,
पुढच्या स्टॉपवरून चालत मागं आले.

आणखी एक आकडा होता.
दोघांचं मिळून क्षेत्रफळ
दोन लाख चाळीस हजार चौरस किलोमीटर,
कर्नाटकापेक्षा मोठं, महाराष्ट्रापेक्षा लहान.
एक झाल्यावर चार लाख.
असंच होतं म्हणे, कमी कधीच होत नाही,
नियमच आहे.
मी हे वेशीजवळ वाचत होते,
जिथं पाटी असायची तिथं.
हसू आलं, मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गडिगेप्पांना सगळं सांगितलं.
ते व्हर्नियर पुसत होते.
हिंगोलीकडं तसाच एक कान बांधायचा चाललाय, तेही सांगितलं.
बराच वेळ गप्प.
मग चष्मा कपाळावर.
"म्हंजे त्या दिवशीचं तुझं माप चुकलंच की."
चुकलं.
"किती?"
मी फळ्यावर दशांश चिन्ह काढलं
आणि शून्यं लिहीत गेले,
फळा संपला, भिंतीवर लिहिली असती
तर फोर्जिंगपर्यंत पोचली असती.
त्यांनी घण पडायची वाट बघितली. पडला.

"आणि टॉलरन्स?"
चार मायक्रॉन.
"मग बसतंय की," म्हणाले,
आणि पुढची रिंग टेबलावर ठेवली,
निवायला.